वीजबचतीचा उपदेश कोणाला लागू पडतो?

रक्तदाबाच्या रुग्णाला ‘मीठ कमी करा’ असे सांगणे हे आम्हा डॉक्टरांचे जवळजवळ रोजचे काम आहे. रुग्ण मान डोलावतो, घरी जातो आणि पुढच्या तपासणीला रक्तदाब होता तेथेच असतो. त्याने ऐकलेले असते. पण ऐकलेले ताटापर्यंत पोहोचलेले नसते. याउलट ज्या घरात मिठाचे भांडे जेवणाच्या टेबलावरून उचलून स्वयंपाकघराच्या फळीवर गेले आणि लोणचे-पापड सणावारापुरते राहिले, तेथे काही आठवड्यांत फरक दिसू लागतो. त्या घरातील माणसे इतरांहून अधिक निग्रही असतात असे मुळीच नाही. वरून मीठ घ्यायचे तर उठावे लागते, आणि भरल्या पानावरून उठण्याचा कंटाळा सर्वांनाच असतो. निग्रहाला जे साधत नाही, ते अशा वेळी कंटाळा साधून देतो.

वाचकहो, विजेच्या वापराचेही बरेचसे असेच आहे. आरोग्याच्या पाक्षिकात विजेची चर्चा कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे कारण असे की वीज कोठे वाचते आणि कोठे नको तेथे ‘वाचवली’ जाते, याचे परिणाम अनेकदा दवाखान्यात येऊन पोहोचतात.

ओरडा एकाला, काटकसर दुसऱ्याची

वीजबिल आले की बहुतेक घरांत एक छोटेसे भाषण होते. ‘या महिन्यात किती आले पाहा! जरा दिवे-पंखे बंद करत चला.’ हे भाषण ज्याच्यासाठी असते तो बहुधा कानात इअरफोन घालून आपल्या खोलीत बसलेला असतो. ते मनावर घेतो तो घरातील सर्वांत आज्ञाधारक सदस्य. आणि पुष्कळदा तो सदस्य म्हणजे आजी किंवा आजोबा असतात.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका गृहस्थांना त्यांच्या सूनबाई माझ्याकडे घेऊन आल्या. दोन दिवस चक्कर येत होती. जीभ कोरडी पडली होती, आणि बसलेले असताना ठीक असलेला रक्तदाब उभे राहताच खाली येत होता. रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. दुपारी कोठे झोपता, पंखा असतो का, असे विचारले तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “मला कोणी काही बोलले नाही हो डॉक्टर. पण दिवसभर घरी मीच असतो. बिलात माझाच वाटा जास्त असणार.” बिलाची चर्चा ऐकल्यापासून ते दुपारचे चार तास पंखा बंद ठेवून झोपत होते. सूनबाईंना याची कल्पनाच नव्हती.

आता हिशेब पाहू. साधा छताचा पंखा पूर्ण वेगात सुमारे ७५ वॅट वीज घेतो. चार तासांचे होतात ३०० वॅट-तास, म्हणजे एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्याच घरातील दुसऱ्या खोलीत दीड टनाचा एसी रात्रभर १८ अंशांवर चालत असे. अशा यंत्राचा कॉम्प्रेसर चालू असताना तासाला साधारण दीड युनिट वीज लागते. म्हणजे एसीच्या एका तासात आजोबांचा पंखा वीस तास फिरला असता. सुदैवाने पाणी, क्षार आणि औषधाच्या मात्रेतील बदल एवढ्यावर ते सावरले. उन्हाळ्यात अशा प्रत्येकाचे नशीब इतके चांगले नसते.

वय वाढते तसा घाम कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते आणि त्वचेकडे रक्त वळवून शरीर थंड ठेवण्याची क्षमता घटते. त्यात लघवी वाढवणारी किंवा काही मानसिक आजारांवरची औषधे चालू असतील, तर उष्णतेचा त्रास अधिक लवकर होतो. अशा माणसाला स्वतःला ‘उकडते आहे’ हे जाणवायलाही उशीर लागतो. म्हणून माझे पहिले सांगणे असे की, घरात बचतीचे सार्वत्रिक आवाहन करू नये. ते चुकीच्या माणसाला लागू पडते.

कोपराने हळूच दिलेला इशारा

मग वीज वाचवायची कशी? रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी २००८ मध्ये ‘नज’ नावाचे पुस्तक लिहिले. ‘नज’ म्हणजे शेजारच्याला कोपराने हळूच दिलेला इशारा. माणसाच्या निवडीवर बंदी घालायची नाही, दंड करायचा नाही. फक्त समोरची मांडणी अशी करायची की हिताची निवड सोपी व्हावी, असा त्यांच्या विचाराचा गाभा आहे. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे पानात आधी काय वाढायचे आणि कशाला ‘हवे का?’ असे विचारायचे, हे ठरवणाऱ्या गृहिणीला हे शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे, असे मला वाटते.

या विचाराचे एक ठळक उदाहरण कदाचित आपल्या भिंतीवरच असेल. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या सर्व रूम एसींसाठी असा नियम केला, की यंत्र कारखान्यातून येतानाच २४ अंशांवर लावलेले असावे. आपल्याला ते १८ वर नेण्यास कोणीही अडवत नाही. रिमोट आपल्याच हातात आहे. परंतु जो आकडा आधीच लावलेला असतो त्याला आपण सहसा हात लावत नाही, हा मनुष्यस्वभाव येथे कामाला लावला आहे.

हा आकडा शरीराच्या दृष्टीनेही समंजस आहे. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होते, हा एक गोड गैरसमज आहे. बाहेरून तापून आल्यावर यंत्र आपल्या पूर्ण ताकदीनेच चालते. आकडा खाली नेल्याने ते केवळ अधिक काळ चालत राहते. मध्यरात्री खोली इतकी थंड होते की अंगावर गोधडी ओढावी लागते. एकाच वेळी थंडी विकत घ्यायची आणि तिच्यापासून बचावही करायचा, असा हा व्यवहार! त्या गार, कोरड्या हवेत सकाळी घसा धरणे आणि दम्याच्या रुग्णाला खोकल्याची उबळ येणे या तक्रारी आम्हाला उन्हाळाभर ऐकू येतात. तापमान एक अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा उन्हाळ्यासाठीचा सल्ला त्याही पुढे जातो : एसी २७ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा, म्हणजे खोली सुमारे चार अंशांनी अधिक गार भासते. वाऱ्याने घाम लवकर उडतो आणि त्वचेची उष्णता घेऊन जातो, एवढेच त्यामागचे शास्त्र.

कपड्यांचाही येथे मोठा वाटा आहे. जपान सरकारने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ नावाची मोहीम सुरू केली. कार्यालयांतील तापमान २८ अंशांवर ठेवायचे आणि कर्मचाऱ्यांनी कोट-टाय घरी ठेवून यायचे, असे तिचे स्वरूप होते. अंगातील कोट उतरला की खोलीतील आकडा आपोआप वर जाऊ शकतो. आपल्याकडे रात्री सुती सैल कपडे आणि पातळ चादर एवढा बदलही २४ वरून २६ वर जाण्यास पुरतो. एक-एक अंशाने, चार-चार दिवसांच्या अंतराने वर जावे. शरीर तक्रार करत नाही.

शेजाऱ्याचे बिल आणि हसरा चेहरा

दुसरे उदाहरण कॅलिफोर्नियातील सान मार्कोस या शहराचे आहे. तेथे संशोधकांनी घरोघरी मीटर वाचून प्रत्येक दारावर एक चिठ्ठी लावली. तुमच्या घराचा वापर इतका आणि परिसराची सरासरी इतकी, अशी माहिती तिच्यावर होती. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष मोठे बोलके आहेत. सरासरीपेक्षा जास्त वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला. परंतु जे आधीच कमी वापरत होते त्यांचा वापर मात्र वाढला! इतर लोक एवढी वापरतात, मग आपण कशाला मन मारायचे, असे त्यांना वाटले असावे. मग काही घरांच्या चिठ्ठीवर आकड्याशेजारी एक चेहरा काढला गेला : कमी वापरणाऱ्यांसाठी हसरा, जास्त वापरणाऱ्यांसाठी हिरमुसला. तेवढ्याने काटकसरी घरांचा वाढणारा वापर थांबला.

एका हसऱ्या चेहऱ्याची ही किंमत आहे. चुकणाऱ्याला बोलण्यात आपण जेवढी शक्ती खर्च करतो, त्याच्या दशांशानेही बरोबर वागणाऱ्याची दखल घेत नाही. मुलाने खोलीतून बाहेर पडताना पंखा बंद केला, तर ‘वा, लक्षात राहिले तुझ्या!’ हे चार शब्द बिलावरच्या भाषणापेक्षा अधिक गुणकारी ठरतील.

मात्र तुलनेचे औषध जपून वापरावे. सोसायटीच्या फलकावर घराघरांचे वीजवापराचे आकडे लावण्याची हौस करू नये. ज्या घरात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आहे, तान्हे बाळ आहे किंवा कोणी घरून काम करतो आहे, त्या घराची वीज जास्त लागणारच. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सर्वांत न्याय्य तुलना आपली आपल्याशीच. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या युनिटचा तपशील असतो. मागच्या वर्षीच्या मे महिन्याशी या वर्षीचा मे ताडून पाहावा. मे महिन्याची जानेवारीशी तुलना करून स्वतःला दोष देण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० पर्यंत त्याहून जास्त, ३०१ ते ५०० पर्यंत आणखी जास्त अशी चढती पायरी आहे. त्यामुळे ३१० युनिट वापरणाऱ्या घराने महिन्याला दहा युनिट कमी केले, तर वाचणारे युनिट त्या घराच्या बिलातील सर्वांत महाग पायरीवरचे असतात. थोडक्या प्रयत्नाचे फळ येथे थोडे अधिक मिळते.

घरात काय बदलावे

पुढील बदल एकदाच करायचे आहेत. ते झाले की रोज आठवण ठेवण्याची गरज उरत नाही, हाच त्यांचा गुण.

*गीझर :* पंधरा लिटरच्या टाकीतील पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत नेण्यास दोन हजार वॅटच्या गीझरला सुमारे वीस मिनिटे आणि साधारण दोन तृतीयांश युनिट वीज लागते. त्यानंतर बटण चालू राहिले की थंड होणारे पाणी तो पुन्हापुन्हा तापवत बसतो. घरातील आंघोळी एकामागोमाग उरकण्याचा क्रम लावावा. शक्य असल्यास ठरावीक वेळाने आपोआप बंद होणारा टायमर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावा. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांत त्वचा भाजते. म्हणून लहान मुले आणि वृद्ध यांच्यासाठी बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम, हा क्रम पाळावा.

*पंखा :* नवा घेण्याची वेळ आलीच तर बीएलडीसी प्रकारचा पाहावा. तो सुमारे ३० वॅटमध्ये तेवढाच वारा देतो. रोज पंधरा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला वीस युनिट वाचतात. किंमत अधिक असते, म्हणून सर्वांत जास्त चालणाऱ्या पंख्यापासून सुरुवात करावी. घरात आजी-आजोबा असतील तर पहिला नवा पंखा त्यांच्या खोलीत लावावा. मग तो दिवसभर फिरला तरी त्यांच्या मनाला टोचणी लागत नाही.

*टीव्ही :* रिमोटने टीव्ही बंद केला तरी सेट-टॉप बॉक्स वीज घेतच राहतो. त्याचे बटण बहुधा कपाटामागे, वाकून हात घालावा अशा जागी असते. ते हाताच्या उंचीवर आणून ठेवा. वाकावे लागले नाही की बटण बंद होते. आणि साठीनंतरच्या कमरेवरही उपकार होतात.

*दिवे :* साठ वॅटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॅटचा एलईडी आज बहुतेक घरांत आला आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेने हे दिवे स्वस्तात उपलब्ध केले. व्याख्यानांनी जे झाले नसते ते कमी किमतीने आणि हाताशी मिळण्याने झाले. न्हाणीघर, माळा, जिना या विसरलेल्या जागी जुना बल्ब उरला आहे का, एवढे एकदा पाहावे.

*कूलर :* नागपूर-चंद्रपूरकडील कोरड्या उन्हाळ्यात एसीपेक्षा कितीतरी कमी विजेवर कूलर उत्तम काम देतो. कोकणातील दमट हवेत मात्र त्याचा उपयोग होत नाही. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. अन्यथा वाचलेल्या विजेबरोबर डेंग्यूचा डास घरात वाढतो. पाणी भरताना प्लग काढलेला असावा.

येथे काटकसर नको

आता डॉक्टर म्हणून माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. पुढील ठिकाणी वीज वाचवू नये, आणि घरातील ज्येष्ठांना हे मोठ्याने, स्पष्ट शब्दांत सांगावे.

उन्हाळ्यात वृद्ध, गर्भवती, तान्ही बाळे आणि हृदय वा मूत्रपिंडाचे रुग्ण यांचा पंखा बंद होता कामा नये. खोलीतील हवाच ४० अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा पुरत नाही, उलट तो गरम हवा अंगावर फेकतो. अशा वेळी कूलर किंवा एसी असलेल्या खोलीत हलवावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे, पाणी पाजत राहावे. बोलणे असंबद्ध झाले, ग्लानी आली किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर अंग ओले करून वारा घालत तातडीने रुग्णालय गाठावे. शुद्ध हरपत असलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

फ्रीज रात्री बंद ठेवण्याची पद्धत काही घरांत आहे. ती सोडावी. दूध आणि शिळे अन्न यांचा प्रश्न आहेच; शिवाय न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंशांतच ठेवावे लागते. त्याचा गुण उतरला तर साखर का वाढते आहे हे कोणालाच कळत नाही.

रात्री पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर दिवा हवा. अर्ध्या वॅटचा छोटा दिवा रोज दहा तास जळला, तरी महिन्याला एका युनिटचा सहावा भागही होत नाही. अंधारात पाय अडखळून मोडलेल्या खुब्याच्या हाडाचा हिशेब याच्याशेजारी मांडून पाहावा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, नेब्युलायझर, झोपेत श्वासासाठी लावायचे यंत्र यांच्या वेळा वैद्यकीय सल्ल्याने ठरतात. बिलाने ठरवू नयेत. स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकणारा पंखाही फोडणीच्या वेळी चालू असावा. आणि वीज वाचते म्हणून गॅसचा गीझर बसवणाऱ्यांनी तो बंद न्हाणीघरात कधीही बसवू नये. त्यातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो आणि तो माणसाला सावधही करत नाही.

सुरुवात कोठून करावी

ज्या घरात दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढाच वापर आहे, त्या घराने आणखी काय वाचवायचे? त्यांच्यासाठी हा लेख नाही. ज्यांच्याकडे निवडीला वाव आहे त्यांनी ती करावी. केवळ घरोघरच्या बटणांनी देशाचा विजेचा प्रश्न सुटेल असा माझा दावा नाही. परंतु आपल्या राज्यात आजही विजेचा मोठा हिस्सा कोळसा जाळून तयार होतो. त्याची राख आणि धूर औष्णिक केंद्रांच्या परिसरातील लोकांच्या श्वासात जातो. आपण वाया घालवलेल्या युनिटचा काही भार दुसऱ्याच्या फुप्फुसावर पडतो, एवढे भान असावे.

येत्या रविवारी अर्धा तास काढा. घरातून एक फेरी मारा आणि तीन गोष्टी ठरवा : कोणते बटण हाताशी आणायचे, कोणता आकडा बदलायचा आणि कोणते उपकरण कधीही बंद करायचे नाही. तिसऱ्या यादीत आजी-आजोबांचा पंखा सर्वांत वर लिहा. ती यादी त्यांना वाचून दाखवा, आणि दुपारी त्यांच्या खोलीत डोकावून पंखा फिरतो आहे ना, हे एकदा पाहून या.